वाढत्या अंगाची रायफल

नातीची पहिली रायफल मी वाढत्या अंगाची घेतली. फ्रॉक घ्यावा तशी. ज्यांना हसू आलं असेल त्यांनी हसून घ्या, मी थांबते. काय घोळ घातला हे मला कळायला अडीच महिने लागले, आणि तेही मी जन्मभर लोकांची मापं घेणारी बाई असून.

तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची होते. त्या बाईचं मला आता मोठं नवल वाटतं. गळ्यात टेप, कानामागं खडू, आणि दुनियेतली कुठलीही वस्तू एकदा बघितली की मापासकट कळते असा पक्का समज. नांदूरघाटात शाळेच्या गणवेशाचं शिवणकाम मी तीस वर्षं केलं. गावातल्या निम्म्या पोरांच्या चड्ड्यांना आतून माझी दुमड होती. आमच्याकडं पोरांना कपडे मापाचे शिवत नाहीत, वाढत्या अंगाचे शिवतात. बाही दोन बोटं लांब, शिलाईत कापड सोडलेलं, खाली तीन बोटांची दुमड. पोरगं पहिल्या वर्षी त्या गणवेशात हरवतं, दुसऱ्या वर्षी थोडं दिसायला लागतं आणि तिसऱ्या वर्षी दुमड उसवून तोच घालतं. एखादी आई "नीट मापाचं शिवा" म्हणाली तर मी तिला उधळी समजत असे. माझ्या स्वतःच्या लग्नातलं पोलकंही मी असंच शिवलं होतं, पुढं अंग भरेल म्हणून. अंग काही भरलं नाही. लग्नाच्या फोटोत मी गोणीत घातलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी दिसते. एवढा पुरावा भिंतीवर लटकत होता, तरी मी शहाणी झाले नाही.

माझा मुलगा आणि सून माजलगावला असतात, मुलगा तिथल्या साखर कारखान्यात नोकरीला आहे. नात पाचवीपासून शिकायला माझ्याजवळ होती. त्या वर्षी ती सातवीत होती. बारा वर्षांची, अंगानं काडी, बोलणं कमी. केजला एका निवृत्त फौजी सरांनी बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये नेमबाजीचा वर्ग काढला होता. शाळेनं एकदा पोरांना ते बघायला नेलं. नात घरी आली ती हातपाय न धुता माझ्या मशिनीसमोर येऊन उभी राहिली.

"आजी, तिथं कुणीच बोलत न्हाई. सगळे गप उभे ऱ्हातेत. मला लई आवडलं."

"गप उभं ऱ्हायला केजला कशाला जायचं? हितं ऱ्हा की उभी," मी म्हणाले.

पण ती शनिवार-रविवार एसटीनं जायला लागली. सरांकडं लहान पोरांच्या हाताची एकच रायफल होती आणि ती सहा जणांत फिरायची. एकेकाला दिवसाकाठी दहा छर्रे. त्या दहा छर्ऱ्यांवर माझी नात मुलींत तिसरी यायला लागली. हिवाळ्यात विभागीय स्पर्धेसाठी मुलींमधून तिघींची निवड व्हायची होती. सरांनी सांगितलं, स्वतःची रायफल असेल तर घरीही रोज सराव होईल, नाहीतर मागच्या पोरी पुढं जातील. हे तिनं मला जेवताना सांगितलं आणि खाली बघून म्हणाली, "मला निवडीत यायचंय."

ही पोरगी कधी काही मागत नसे. नारायणगडाच्या जत्रेत फुगासुद्धा तिला चारदा विचारून घ्यावा लागे. मी लगेच म्हणाले, घेऊ.

ही रायफल म्हणजे हवेवर चालणारी, मसुराएवढा छर्रा सोडणारी. तिला परवाना लागत नाही, आधार कार्ड दाखवलं की मिळते. पण आमच्या घरात ‘रायफल’ हा शब्द उच्चारला की हरीण आपोआप मागून येतं, त्याला कारण माझे धाकटे दीर. ते शेजारीच राहतात, शेती करतात. त्यांचे वडील, म्हणजे माझे सासरे, ठासणीची बंदूक घेऊन काळविटाच्या शिकारीला जात. कायद्यानं ते कधीचंच बंद झालं, बंदूक सरकारात जमा झाली, पण दिरांच्या डोक्यातली शिकार कुणी जमा करून घेतली नाही. सहा वर्षांचे असताना ते वडलांच्या मागं पाण्याचा तांब्या धरून एकदा गेले होते. एकदाच. त्या एका दिवसावर ते आजतागायत शिकारीतले जाणकार आहेत.

त्यांना हसायचा मला तसा अधिकार नाही. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा ओसरीवर सासऱ्यांनी मारलेल्या काळविटाची शिंगं टांगलेली होती. मला त्यांचा कोण गर्व! माहेरी पत्र लिहिलं, की आमच्या घरी वाघाएवढी शिंगं आहेत. वाघाला शिंगं नसतात हे मला माहीत होतं, लिहिण्याच्या भरात गेलं. पुढं मी त्याच शिंगांवर शिवून झालेले ब्लाऊज अडकवू लागले. एक दिवस सासऱ्यांनी ती शिंगंही वनखात्याकडं नेऊन दिली आणि माझे ब्लाऊज खुंटीवर आले.

तर रायफल निवडायला बीडला कोण गेलं? मी आणि दीर. जिच्यासाठी घ्यायची ती शाळेत, घटक चाचणीला. चाचणी नसती तरी मी तिला नेलं नसतं. पोरांच्या वस्तू मोठ्यांनी आणायच्या, पोरांनी घालायच्या, अशीच आमच्याकडची रीत. दुकानात नेलं की पोरं नको त्याला हात लावतात, असं मी तीस वर्षं आयांना सांगत आले होते.

दुकानदार सभ्य माणूस होता. फळीवरून एक रायफल काढत त्यानं विचारलं, "कशासाठी पायजे?"

मी तोंड उघडायच्या आत दीर म्हणाले, "दोन्हीसाठी."

"दोन्ही म्हंजी?"

"निशाणा आन् हरीण. हरभऱ्यात लई धुडगूस घालतेत."

दुकानदारानं हातातली रायफल परत फळीवर ठेवली. "काका, ते नाव ह्या दुकानात काढू नका. ह्या छर्ऱ्यानं हरीण मरत न्हाई, नुसतं जखमी होऊन तडफडतंय. आन् तुमी तुरुंगात जाता. हरणासाठी म्हणून बंदूकच न्हाई आता. कुठंच न्हाई."

"मारणार न्हाई हो मी. नुसता धाक."

"धाकाला पत्र्याचा डबा वाजवा."

"भावजी, तुमी जरा त्या स्टुलावर बसा," मी म्हणाले. "नातीला निशाण्यासाठी पायजे. तेवढीच दाखवा."

दीर बसले, पण तोंडानं बसले नाहीत. दुकानदारानं दोन रायफली काढल्या. एक लहान, हलकी, आखूड दस्त्याची. दस्ता म्हणजे मागचा लाकडी भाग, जो खांद्याला टेकवतात. दुसरी मोठी, काळपट लाकडाची, वर दुर्बीण बसवलेली. दिरांनी उठून मोठीच्या दस्त्यावर बाजारात बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात तशी थाप मारली. एक डोळा मिटून नळीत बघितलं. दात असते तर तेही मोजले असते.

"वैनी, छाती बघा हिची. हरीण हिला बघूनच खाली बसंल."

"पुन्हा हरीण?" दुकानदार म्हणाला.

मी लहान रायफल हातात घेऊन उलटी केली. दस्त्याच्या खालून बघितलं, बाजूनं बघितलं. खरं सांगते, मी दुमड शोधत होते.

"हिला पुढं लांबवता येतंय का?"

"न्हाई मावशी. ही लहान मुलांचीच हाय."

"मंग सहा महिन्यांत आखूड होईल की. तेरावं लागलं की पोरी एकदम उंच होतेत."

"पोरगी केवढी हाय आत्ता?"

मी हात माझ्या खांद्याशी आडवा धरला. मग सवयीनं दोन बोटं वर उचलला.

दुकानदारानं माझ्या हाताकडं बघितलं, मोठ्या रायफलीकडं बघितलं. "मावशी, तिला एकदा घेऊन या. धरून बघू द्या. मंग न्या. मी ठिवतो बाजूला."

"तिला काय कळतंय?" मी म्हणाले.

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहितेय. आठवलं की अजून कान तापतात. छातीवर टेप लोंबतोय, समोर दोन वस्तू आहेत, आणि बाई म्हणतेय, जिच्या अंगाला बसवायची तिला काय कळतंय.

मोठी घेतली. चादरीत गुंडाळून एसटीत चढवली. कंडक्टरनं "काय हाय बे हे?" असं दिरांना विचारलं, तर दीर छाती काढून म्हणाले, "नातीची बंदूक." सगळी गाडी वळून बघायला लागली. मीही पदर सारखा करून बसले, जणू आम्ही पोरीला थेट सरहद्दीवर धाडणार होतो.

नात शाळेतून आली, हात धुतले, पुसले, मग चादर उलगडली. दोन्ही हातांनी रायफल उचलली.

"लई छान हाय, आजी."

"वाढत्या अंगाची घेतली. आता कॉलेजपर्यंत बघायला नको."

तिनं रायफलीकडं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "व्हय."

पहिल्याच शनिवारी सरांनी दुर्बीण काढून ठेवायला लावली. तिच्या गटात साध्या नेमानं मारायचं असतं. मागं एक खाच, पुढं नळीच्या टोकावर माशी, आणि दोन्ही एका रेषेत आणून समोरचा काळा गोल धरायचा. दुर्बीण चालत नाही म्हणल्यावर दिरांना फार लागलं. "कसला फौजी हाय हा?" असं ते आठवडाभर म्हणत होते.

आणि मग माझ्या नातीचे गुण उतरायला लागले. सहा जणांत फिरणाऱ्या रायफलीवर तिसरी येणारी पोरगी स्वतःच्या रायफलीवर सहावी आली, मग आठवी. परसात मी भिंतीला पोती लावून, त्यावर कागद चिकटवून दिला होता. रोज शाळा सुटल्यावर ती तिथं उभी राही. नळी खाली वाकवून आत हवा दाबायला तिला अक्षरशः रायफलीला लोंबकळावं लागे. छर्रे कागदाच्या कडेला लागत, कधी पोत्याला, आणि एकदा माझ्या तुळशीच्या कुंडीला.

मी काय केलं असेल? चूक कुठं आहे ते शोधायला निघाले, आणि रायफल सोडून सगळीकडं शोधली. केजला डोळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले डोळे उत्तम आहेत, तर मला त्या डॉक्टरांचाच संशय आला. रोज सकाळी गाजर. रात्री भिजवलेले बदाम. मोबाइल कपाटात कुलपात. दीर येऊन शिकारीतली अक्कल शिकवत, "श्वास रोखायचा, हरणानं मान वर केली की चाप ओढायचा." ती मान हलवून ऐकून घेई. एकदा तर मी तिला बोलले, "एवढी भारी बंदूक घिऊन दिली आन् तू लहानीवर बरी मारत होतीस! ध्यान कुठं असतंय तुझं?"

तिनं रायफल पुसून कोपऱ्यात ठेवली.

निवड महिन्यावर आली तेव्हाची गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी मी तिचे सरावाचे कपडे दुरुस्तीला घेतले. जुना शाळेचा शर्ट घालून ती सराव करी. बघते तर उजव्या बाहीवर, खांद्याच्या शिलाईपासून चार बोटं खाली, कापड विरून जाळी झालेलं. खांद्यावर मात्र कापड नव्यासारखं.

बंदुकीतलं मला काही कळत नव्हतं. पण कापड कुठं का घासतं हे मला कळतं. सायकलवाल्याची चड्डी बसायच्या जागी विरते, बाकावर लिहिणाऱ्याची बाही कोपराशी. रायफल खांद्याला टेकवतात, मग कापड खांद्यावर विरायला पाहिजे. दंडावर कशाला विरेल?

मी तिला हाक मारली. "बंदूक घिऊन ये. आन् त्या आरशासमोर धर बघू, तिथं धरतीस तशी."

घराच्या पुढच्या खोलीतच माझं दुकान, तिथं माप द्यायला येणाऱ्या बायकांसाठी उंच आरसा आहे. ती समोर उभी राहिली, रायफल उचलली. दस्ता खांद्यात बसलाच नाही. तो लांब, आणि हात आखूड. बोट चापापर्यंत पोचवायचं तर दस्ता खांद्यावरून घसरून दंडावर जाई. गाल लाकडाला टेकवायला तिनं मान इतकी पुढं काढली होती की गळ्याच्या शिरा दिसत होत्या. पाठ मागं वाकलेली, पोट पुढं. आरशात मला माझ्या लग्नातलं पोलकं दिसलं.

"अगं, ही बंदूक ढगळ होतीय तुला."

"व्हय."

"कवापासून?"

"आणल्यापासून."

"मंग सांगितलं न्हाईस कावून?"

तिनं रायफल खाली घेतली. "तू म्हणलीस ना, वाढत्या अंगाची हाय. म्हणून मी वाढायची वाट बघायली. रोज न्हाणीच्या चौकटीला लटकते."

मग मला आठवलं, न्हाणीच्या दारातून रोज सकाळी धप्प आवाज येई आणि मी इथून ओरडत असे, "बादली आपटू नकोस!"

तिला आत पाठवलं आणि मशिनीवर बसून एक अख्खी बाही उलटी शिवली. मग उसवली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर मी केजला गेले. सर कडक असतील म्हणून बोलणी खायच्या तयारीनं गेले होते. ते शांतपणे म्हणाले, "काकू, मी पहिल्याच दिवशी म्हणलो होतो तिला, आजीला घेऊन ये, मी समजावतो. ती म्हणली, नको सर, आजीनं लई हौसेनं आणलीय. दोनदा म्हणलो. दोनदा तेच. तिसऱ्यांदा मीच यायला पायजे होतं, ती माझी चूक."

मग त्यांनी माप दाखवलं. हात कोपरात काटकोनात वाकवायचा. कोपराच्या आतल्या घडीपासून चाप ओढणाऱ्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढाच दस्ता चापापासून मागं हवा. मी गळ्यातला टेप काढला. नातीचा हात मोजला, दस्ता मोजला. पावणेदोन इंच जास्त. तीस वर्षं बाह्या शिवल्या मी, आणि हे माप म्हणजे एका बाहीचं माप होतं. दुकानात उभ्या उभ्या कळलं असतं. पण ज्या हाताचं घ्यायचं तो हात शाळेत होता.

"आता बदलून मिळंल का?" मी विचारलं.

"वापरलेली कोण घेणार?" सर म्हणाले. "दस्ता कापता येतो पण. मागची रबराची टाच काढायची, लाकूड कापायचं, टाच परत बसवायची. कापलेल्या तुकड्याच्या चकत्या करून ठेवा. पोरगी वाढली की एकेक चकती मधे घालून लांबवता येईल."

मी म्हणाले, "म्हंजी दुमडच की ही."

"तुमी काय म्हणता ते. पण महिनाच हाय हातात. आज कापली तर तिला नव्यानं उभं ऱ्हायला शिकावं लागेल. वाकडी सवय लागलीय."

घरी येऊन दिरांना सांगितलं तर ते उभेच राहिले. "दस्ता कापायचा? नव्या कोऱ्या बंदुकीचा? वैनी, त्यापरीस मला द्या. मी शेतावर ठिवतो. तिला पुढच्या वर्षी दुसरी बघू."

"शेतावर कशाला?"

"अशीच. राखणीला."

त्यांचे डोळे मला चांगले माहीत आहेत. त्या डोळ्यांत चार पायांचं काहीतरी चरत होतं. मी म्हणाले, "भावजी, राखणीला डबा वाजवा. दुकानदारानं फुकट सल्ला दिलाय तुमाला."

ते रागावून गेले. दुपारी मात्र सुताराकडं जायच्या वेळी गुपचूप बरोबर आले. गावचा सुतार माझ्याच वयाचा, बैलगाड्या संपल्यापासून दारं-खिडक्या करतो. त्यानं दस्ता हातात घेऊन लाकडावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "काकू, चांगलं लाकूड हाय. इचार करा. मी कापल्यावर मागं येत न्हाई."

"इचार आधी करायचा होता. तुमी कापा," मी म्हणाले.

पण आधी नातीला उभं केलं. ह्या वेळी तिचा हात तिथंच होता. मी तीनदा मोजलं, खडूनं रेघ मारली. मग तिला विचारलं, "बरोबर हाय का?" तिनं रायफल उचलून रेघेवर अंगठा ठेवला, दस्ता खांद्याला लावून बघितला, आणि म्हणाली, "अजून थोडी आत."

मला वाटलं, नको, थोडं राहू द्यावं, पुढं उपयोगी पडेल. शब्द अगदी ओठांवर आला होता. गिळला. रेघ पुसून आत मारली.

सुतारानं करवत लावली तेव्हा दिरांनी तोंड फिरवलं. भुसा खाली पडत राहिला. टाच परत बसली, आटे घट्ट झाले, नातीनं रायफल उचलली आणि दस्ता खांद्याच्या खळीत जाऊन बसला. मान सरळ. गाल आपोआप लाकडावर. तिनं डोळे मिटले, परत उघडले. "माशी दिसायली," ती म्हणाली. "एकदम मधी."

त्या महिन्यात तिनं एक दिवसही सराव सोडला नाही. सर म्हणाले तसं झालं, पहिला आठवडा ती सवयीनं मान पुढं काढी. मी मशीन परसाच्या दाराकडं वळवून घेतली आणि तिची मान पुढं आली की टेबलावर कात्री वाजवी. दुसऱ्या आठवड्यात कात्री कमी वाजायला लागली. छर्रे हळूहळू काळ्या गोलात शिरले. तुळशीच्या कुंडीनं सुटकेचा निःश्वास टाकला. निवडीच्या आदल्या शनिवारी ती चौथी आली, आणि तिसरीच्या अगदी एका गुणानं मागं.

निवडीच्या दिवशी आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं गेलो. चाळीस छर्रे मारायचे होते. आम्हा घरच्यांना मागं दोरीच्या पलीकडं बसवलं आणि सरांनी सांगितलं की कुणी बोलायचं नाही, हसायचं नाही, पोरींना हाका मारायच्या नाहीत. दिरांना खोकला आला तर ते बाहेर जाऊन खोकून आले. अकरा पोरी ओळीनं उभ्या होत्या. मला निशाणं दिसत नव्हती, नातीची पाठ तेवढी दिसत होती. पाठ सरळ होती. मी तिच्या पाठीवरच नजर ठेवून बसले.

चार-पाच छर्रे उरले असतील तेव्हा तिनं रायफल उचलली आणि फार वेळ तशीच धरून राहिली. सरांनी शिकवलेलं मलाही पाठ झालं होतं: नेम हलायला लागला की मारायचं नाही, रायफल उतरवायची, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायची. तिच्या पाठीवर शर्ट हलायला लागला. उतरव, मी मनात म्हणाले. उतरव गं. तिनं उतरवली नाही. चाप ओढला. मग रायफल खाली घेऊन क्षणभर बुटांकडं बघत राहिली. पुढचे सगळे छर्रे तिनं नीट वेळ घेऊन मारले.

सरांनी फळ्यावर नावं लिहिली. तिघी घ्यायच्या होत्या. माझी नात चौथी आली, दोन गुणांनी.

सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून काही सांगितलं, तिनं मान हलवली. पहिल्या तिघींशी हात मिळवले. रायफल पिशवीत घालून ती आमच्याकडं आली. जिनिंगच्या फाटकाशी भज्याचा गाडा होता, तिथवर आम्ही चालत आलो आणि माझं तोंड सुटलं. सुतारानं करवत तिरपी धरली असणार म्हणाले. वरच्या पत्र्याच्या भोकातून उजेड नेमका हिच्याच डोळ्यावर येत होता म्हणाले. शेजारची पोरगी मुद्दाम पाय वाजवत होती म्हणाले. दीर म्हणाले, "दुर्बीण काढायलाच नको होती." मी म्हणाले, "बंदूकच दळभद्री निघाली. आणली तवापासून पोरीच्या मागं लागलीय. इकून टाकते आता."

नातीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "आजी, गप की गं. इतके दिवस बंदूक चुकत होती. आज मी चुकले, उतरवायची सोडून चाप वढला. बंदूक आत्ता कुठं माझी झालीय, तिला काय बी बोलायचं न्हाई. आन् चल, भजे घे, लई भूक लागलीय."